करून राहिली

मला माझी मातृभाषा येते हे सिद्ध करण्यासाठी मी एकदा रीतसर परीक्षा दिली आहे, आणि त्या परीक्षेत मी अर्ध्या वाटेवर जवळजवळ नापास झाले होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मराठीची परीक्षा अमेरिकेत कशाला? तेच सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. बाबा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते. आई आणि मी त्यांच्या मागून, मी बारावी झाल्यावर नागपूरहून आलो. तासाभरावरच्या स्टेट युनिव्हर्सिटीत मी केमिस्ट्री शिकत होते. शेवटचं वर्ष चालू होतं. ऑगस्टपासून दुसऱ्या राज्यात पीएच.डी.साठी जागा मिळाली होती आणि त्यांची अट एकच होती, मे महिन्यात पदवी हातात हवी. मी निश्चिंत होते. निश्चिंत असण्याची मला तेव्हा फार घाई असायची.

फेब्रुवारीत अ‍ॅडव्हायझर बाईंनी बोलावलं. गोऱ्या, ठेंगण्या, गळ्यात दोरीला चष्मा लटकवलेल्या. माझी फाइल उलटसुलट करून त्यांनी सांगितलं की सगळं ठीक आहे, फक्त विदेशी भाषेची अट राहिली आहे. चार सेमिस्टर.

मी हसले. म्हटलं, मी भारतातली आहे, इंग्रजीच माझी विदेशी भाषा. त्यांनी चष्मा चढवला, फाइलच्या तळातून प्रवेशाचा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. ‘पहिली भाषा’ या रकान्यात ठसठशीत कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं, ENGLISH. अक्षर बाबांचं होतं.

आमच्या घरातले सगळे फॉर्म बाबाच भरायचे. इंग्रजी पहिली भाषा असली की इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नसे, म्हणून त्यांनी तसं लिहिलं, अशी माझी समजूत होती. तेवढं खरंही होतं, पण पुरतं खरं नव्हतं. बाबा माझ्याशी इंग्रजीत बोलत. आईला इंग्रजी येत नसे, म्हणून तिच्याशी मराठीत, पण कशा मराठीत! वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचल्यासारख्या. आई मात्र अमरावतीकडच्या गावातून जी बोली घेऊन निघाली, ती नागपूरमार्गे मिशिगनपर्यंत जशीच्या तशी घेऊन आली. मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलायची, पण बाबा घरात नसतील तेव्हा. बाबांनी कधी मनाई केली नव्हती. फक्त आमचं बोलणं कानावर पडलं की ते पेपर जरा वर धरायचे.

अ‍ॅडव्हायझर बाई म्हणाल्या, एक वाट आहे. परीक्षा देऊन भाषा येते असं दाखवलं, तर अट माफ होते. त्याला त्या ‘वेव्हर’ म्हणाल्या. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, रशियन, लॅटिन, यादी त्यांनी वाचली. यांतली एकही येत नसेल तर बाहेरून परीक्षक शोधावा लागेल. घरी कोणती भाषा बोलता?

आता नागपूरच्या मुलीला हिंदी काय येत नाही? भाजीवाला, रिक्षावाला, शेजारी, सगळ्यांशी मी हिंदीतच बोलत मोठी झाले. हिंदी म्हटलं असतं तर परीक्षक चुटकीसरशी सापडला असता आणि मी डोळे मिटून पास झाले असते. पण विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, मराठी.

बाईंनी शांतपणे स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. एका मुलीच्या एका भाषेसाठी हे एवढं मोठं विद्यापीठ आता पत्रं पाठवणार, फोन करणार, माणूस शोधणार, ह्याचं मला इतकं नवल वाटलं की हिंदीचं नाव काढायचं राहूनच गेलं. जिन्यावर आले आणि मग पायरीवरच बसले.

कारण मराठीचं आणि माझं एक जुनं प्रकरण होतं. सातवीत मी निबंधात लिहिलं होतं, ‘आई स्वयंपाक करून राहिली आहे.’ मराठीच्या बाईंनी ती वही वर्गात उंच धरली. "स्वयंपाक करून राहिली? मग राहिली कुठे? तिथेच राहिली?" सगळा वर्ग खो खो हसला. त्यात हसणाऱ्या निम्म्या मुलींच्या घरी त्याच वेळी त्यांच्या आया स्वयंपाक करूनच राहिल्या होत्या, पण ते आज सुचतं. बाईंनी वही मिटताना अगदी हळू आवाजात आणखी एक वाक्य म्हटलं, तुमच्या वस्तीत असंच बोलत असतील. त्या दिवसापासून मी मराठीत तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायला लागले. मग कमीच बोलायला लागले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "व्हाय नॉट हिंदी?" दोन वर्षं वाया जातील, जागा जाईल, हे त्यांनी उच्चारलं नाही, पण जेवताना त्यांचा हात मध्येच थांबत होता.

आईला वेव्हर म्हणजे काय ते समजावताना मी म्हटलं, माफी मिळते. ती पोळी लाटायची थांबली. "माफी? आपण काय गुन्हा केला वं? मायबोलीची माफी मागून राहिली तू?"

आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे पुण्याच्या एक काकू राहायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात सगळ्यांचे उच्चार त्याच सुधारायच्या. बातमी कळल्याबरोबर त्या मला शिकवायला पुढे झाल्या. मनानं फार चांगली बाई, तीन आठवडे रोज संध्याकाळी मला खाऊ घालून शिकवलं. "तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस, मी तुला मस्त प्रिपेअर करते. तुझं वाचन छान आहे, स्पेलिंग ओके आहे. फक्त ते ‘राहिली’ आहे ना, तेवढं ड्रॉप कर. करते आहे, खाते आहे, येते आहे. म्हण बरं."

मी म्हणायची. करते आहे, खाते आहे, येते आहे. त्यांनी ‘माझी आई’ या विषयावर एक निबंधही पाठ करून घेतला. त्यातली आई पहाटे उठून सडासंमार्जन करत होती. माझी आई पहाटे उठून बाबांच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असे, पण ते निबंधात बसण्यासारखं नव्हतं.

मार्च उजाडला तरी बर्फ हटला नव्हता. परीक्षक सापडले होते, शेजारच्या राज्यातले एक निवृत्त प्राध्यापक. परीक्षेच्या दिवशी आई म्हणाली, मी पण येतो. आमच्याकडे बायकासुद्धा येतो, जातोच म्हणतात. माझ्या आजवरच्या एकाही परीक्षेला ती आली नव्हती, कारण तिला त्यातलं काय कळणार असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. "ही एक तरी परीक्षा मले समजते," ती म्हणाली आणि आलूची भाजी आणि पोळ्यांचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसली. बाबांनी आम्हाला दारात सोडलं आणि ते गाडीतच थांबले.

भाषांची ती इमारत मी तोवर कधी आतून पाहिली नव्हती. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना दारं आणि प्रत्येक दारामागे एक वेगळी भाषा. एका दारातून कोणीतरी तोच तोच शब्द पुन्हापुन्हा घोकत होतं. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. जगात इतकी तोंडं इतक्या तऱ्हांनी बोलतात आणि ते शिकण्यासाठी कोणी चार मजले बांधतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आई बाकावर बसली आणि डबा मांडीवर घेऊन सगळ्या दारांकडे पाहत राहिली.

परीक्षक सत्तरीचे असावेत. उंच, वाकलेले, बुटांवर रबरी बूट चढवलेले. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. या, बसा. थंडी फार आहे, नाही? आपण आधी वाचन करू, मग लेखन, आणि शेवटी थोडं बोलू."

मी उभीच राहिले. गोऱ्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकणं वेगळं, आणि इतकी नितळ मराठी ऐकणं वेगळं. पुढे त्यांनी ‘वेळ’ म्हटलं तेव्हा तो ‘ळ’ असा काही टाळूला लागून सुटला की मला सातवीतल्या बाई आठवल्या. तरुणपणी पुण्यात एका शास्त्रीबुवांकडे शिकलो, असं ते म्हणाले. मनात म्हटलं, संपलं.

वाचन ठीक झालं. लेखनात मी काकूंची आई सडासंमार्जनासकट उतरवून दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "शुद्ध आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ह्या तुमच्याच आई का?" मी होय म्हटलं. माझे कान तापले.

मग बोलणं. टेबलावर कॅसेट रेकॉर्डर होता, तो त्यांनी सुरू केला. इथे कशा आलात, घरी कोण कोण असतं, काय शिकता, साधेच प्रश्न. पण मला प्रत्येक उत्तर आधी आईच्या बोलीत सुचायचं, मग मी त्यातला ‘राहिली’ काढायची, क्रियापद बदलायची, शेवट तपासायची आणि मग बोलायची. तोवर समोरच्या घड्याळाचा काटा टकटक करत पुढे गेलेला असायचा. मी... गाडीतून... आले. मी... रसायनशास्त्र... शिकते आहे. ते कागदावर काहीतरी टिपत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू दिलगीर होत चालला होता. नापास करणाऱ्या भल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुम्ही माझ्यासारखं बोलता. मी पुस्तकातून शिकलो. तुम्हीही पुस्तकातून शिकलात का?"

माझ्या डोळ्यांपुढून मे महिना, ऑगस्ट, बाबांचा थांबलेला हात, सगळं गेलं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि आईनं आत डोकं घातलं. "झालं नाई का वं अजून? काय करून राहिली येवढा वेळ?"

आणि मी, जिनं तीन आठवडे ‘राहिली’ ड्रॉप केलं होतं, ती फिरले आणि एका दमात म्हणाले, "अवं आई, परीक्षा देऊन राहिली ना मी! बस ना बाहेर जराशी, कायले आली मधातच? हे सायेब मले इचारून राहिले अन् तू आपली..."

मग मला ऐकू आलं की मी काय बोलले. रेकॉर्डर चालूच होता. मला वाटलं, आता मुळीच आशा नाही.

परीक्षक उठून उभे राहिले होते. त्यांचे हात टेबलावर टेकले होते आणि चेहऱ्यावर असा उजेड होता, की त्यांच्या मागे खिडकी उघडली की काय ते मी पाहिलं. "पुन्हा म्हणा," ते म्हणाले. "कृपा करून. जसं म्हणालात तसंच."

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"हे मी एका जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत वाचलं होतं," ते म्हणाले. "एका ओळीची तळटीप. कानांनी कधी ऐकलं नव्हतं. बाई, आत या, बसा ना."

"परीक्षा..." मी म्हटलं.

"परीक्षा चालू आहे," ते म्हणाले. "तुम्ही दोघी बोला. मी ऐकतो."

आई खुर्चीच्या कडेला टेकली. सुरुवातीला लाजली. मग खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "सकायपासून पडूनच राहिलं हे बरफ. झाडं पाह्य ना, वाळल्यावाणी दिसते. पण वाळली नाई म्हंते तुये बाबा. झोपून राहिली म्हंते." मी म्हटलं, मंग उठन कवा? ती म्हणाली, तुई परीक्षा झाली का उठन. आम्ही दोघी हसलो, आणि मग आम्हाला थांबवणं कठीण झालं. भाजीत तिखट जास्त झालं इथपासून गावच्या मावशीच्या गुडघ्यापर्यंत सगळं निघालं. माझ्या तोंडून शब्द असे येत होते की त्यांना धुवायला, वाळवायला वेळच नव्हता.

त्यांनी एकदाच अडवलं. मला विचारलं, "‘करते आहे’ आणि ‘करून राहिली’, यांत फरक काय?"

फरक? मला आयुष्यभर एवढंच ठाऊक होतं, की एक बरोबर आणि दुसरं चूक. दोन्ही बरोबर असून त्यांत फरक असू शकतो, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. उत्तर आईनं दिलं.

"करते म्हंजे करते, सायेब. करते अन् उठून जाते. करून राहिली म्हंजे तिचा जीव त्याच्यातच हाये. हात बी तिथं, मन बी तिथं. त्या कामात राह्यते ना मानूस, घरात राह्यल्यावाणी."

परीक्षकांनी पेन उचललं आणि आईचं वाक्य देवनागरीत, तिनं उच्चारलं तसंच्या तसं लिहून घेतलं. राह्यते. मानूस. वाणी. एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही. माझ्या आईचं बोलणं कागदावर लिहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सातवीतल्या बाईंनी विचारलेल्या ‘राहिली कुठे’चं उत्तर इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात होतं, आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं.

निघताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आईनं त्यांना डबा दिला. तिखटानं त्यांचं काय झालं कोण जाणे.

पत्र दोन आठवड्यांनी आलं. विदेशी भाषेची अट पूर्ण, भाषा मराठी. खाली परीक्षकांचा शेरा होता. विद्यार्थिनीला प्रमाण मराठी येते, आणि मराठीचं पूर्वेकडचं रूप तिच्या मातेकडून जन्मजात मिळालं आहे. ते ऐकायला मिळालं हे मी माझं भाग्य समजतो. आईची भाषा विदेशी म्हणून पास झाली, याचं आम्हाला दोघींना खूप हसू आलं. मी शेरा आईला मराठीत करून सांगितला तेव्हा मात्र ती हसली नाही. पत्र घेऊन तिनं हॉलमध्ये बुद्धाच्या आणि निळ्या कोटातल्या महामानवाच्या तसबिरींखाली नेऊन ठेवलं.

बाबांनी ते संध्याकाळी वाचलं. उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. पत्राची घडी घालत ते इंग्रजीत म्हणाले, की इंजिनियरिंगला पुण्याच्या हॉस्टेलमध्ये मुलं त्यांना रोज सकाळी विचारायची, काय, आंघोळ करून राहिलास? राहिलास तरी कुठे? चार वर्षं, रोज. त्यांनी हे आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तोच प्रश्न, तोच शब्द, आणि आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून तो लपवत होतो.

मे महिन्यात पदवी मिळाली. जूनमध्ये नव्या विद्यापीठाचे फॉर्म आले. मी ते सवयीनं बाबांपुढे ठेवले. त्यांनी खिशातून पेन काढलं, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. मग हात थांबला. मी वाकून पाहिलं. ‘पहिली भाषा.’

आई ओट्याशी भाकर थापत होती. बाबांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या आवाजात, जरा अडखळत, ते मला म्हणाले, "काय लिहू वं इथं, माय?"

भाकर थापायचा आवाज थांबला.

"आता ज्या भाषेत इचारून राहिले ना बाबा," मी म्हटलं, "तेच लिहा."